फ्रेमचा रंग टिकावा म्हणून: सायकल पहिल्यांदाच रंगवणाऱ्यांसाठी

जुन्या सायकलीचा रंग कुठे कुठे उडालाय, हे एकदा चांगल्या उजेडात निरखून पाहा. चेन जिच्यावर आपटते ती उजवी चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) टवक्यांनी भरलेली असेल. पुढच्या चाकाने उडवलेले खडे झेलणारी डाऊन ट्यूबची (पुढून पेडलकडे तिरकी उतरणाऱ्या नळीची) खालची बाजू ठिपक्याठिपक्यांनी सोललेली असेल. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) दोन्ही बाजूंना केबल घासून धातू उघडा पडला असेल. वरच्या नळीवर भिंतीला टेकवल्याच्या आणि कुलपाच्या खुणा असतील. आणि मागच्या ड्रॉपआउटवर, जिथे चाकाचे नट आवळले जातात, तिथे रंग नावालाही उरला नसेल. बाकी फ्रेमवर मात्र तोच रंग अजून बऱ्यापैकी शाबूत असेल.

रंगाची निवड इथून सुरू करायची. खड्यांचा मार, केबलचं घासणं, ऊन, घामातलं मीठ, चेन धुण्याचं द्रावण, नटाचा दाब: रंगाला हे सगळं सोसायचं असतं. नुसता कडक रंग खड्याच्या माराने काचेसारखा तडकतो, नुसता लवचिक रंग केबलखाली झिजून जातो. आणि कडक असो की लवचिक, धातूवर त्याची पकड नसेल तर दोन्हींचा उपयोग नाही.

ही पकडीची गोष्ट मला पहिल्याच फ्रेमने शिकवली. जुना रंग गुळगुळीत होता, कुठे उडालेला नव्हता, म्हणून मी तो फक्त पुसला आणि वरून चांगल्यापैकी महाग रंग मारला. दिसायला सुरेख झाला होता. तीन आठवड्यांनी एक चिकटपट्टी काढली, तर तिच्याबरोबर बोटभर लांबीचा रंगाचा पापुद्रा अख्खा निघून आला. तो पापुद्रा मी बराच वेळ हातात धरून पाहिला. त्याला तडा नव्हता, चमक जशीच्या तशी होती. रंगात काहीच खोट नव्हती, त्याला खाली धरायला काही मिळालं नव्हतं, एवढंच. तेव्हापासून रंगाचा डबा निवडण्याआधी मी प्रायमर (धातू आणि रंग यांच्यामधला, दोघांना धरून ठेवणारा थर) निवडतो, आणि प्रायमरच्या आधी धातू ओळखतो.

आधी फ्रेम कशाची आहे ते ओळखा

लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर फ्रेम स्टीलची. नाही चिकटला आणि नळ्या जाड, सांध्यांवर वेल्डिंगचे रुंद वळ दिसत असतील तर बहुधा ॲल्युमिनियम. सांधे एकमेकांत वितळल्यासारखे सलग, नळीचा आकार जागोजागी बदलणारा आणि टिचकी मारल्यावर ठक्क असा बद्द आवाज येणारी फ्रेम कार्बन फायबरची. टायटॅनियमच्या फ्रेम सहसा बिनरंगाच्याच ठेवतात, कारण ते गंजत नाही आणि त्यावर रंग धरवणंही अवघड असतं. तुमच्याकडे ती असेल तर रंग न देणंच उत्तम.

स्टीलवर जवळजवळ काहीही चालतं. भट्टीची उष्णता त्याला सोसते, घासणं सोसतं, रंग काढायची द्रावणंही सोसतात. त्याचा शत्रू एकच, गंज.

ॲल्युमिनियम लाल गंजत नाही, पण घासून उघडं केलं की हवेत त्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर धरू लागतो आणि साधा रंग त्या थरावरून सुटतो. म्हणून ॲल्युमिनियमला खास प्रायमर लागतो, आणि तोही घासल्यावर काही तासांच्या आत. आणखी एक जपायचं: कॉस्टिक सोडा किंवा तो असलेलं कोणतंही क्लीनर ॲल्युमिनियमला लावू नका. ते रंगाबरोबर धातूही खातं.

कार्बनच्या बाबतीत दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. रंग काढण्याचं रासायनिक द्रावण लावायचं नाही, कारण तंतूंना बांधून ठेवणारी राळच ते मऊ करतं. आणि पावडर कोटिंगच्या भट्टीत घालायची नाही. कार्बनवरचा रंग हाताने, बारीक कागदाने, पाण्याबरोबर घासायचा आणि खालचा काळा तंतू दिसायच्या आत थांबायचं. नवशिक्याने पहिली फ्रेम म्हणून कार्बन हाती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही जुन्या ॲल्युमिनियमच्या फ्रेम वेल्ड केलेल्या नसतात, त्यांच्या नळ्या सांध्यात चिकटवलेल्या असतात. 'व्हायटस ९७९' ही त्यातली नावाजलेली. अशी फ्रेम भट्टीत गेली तर चिकटवलेले सांधेच कमजोर होतात. सांध्यावर वेल्डिंगचा वळ नसेल तर भट्टीचा विचार सोडून द्या.

सुकणं वेगळं, पक्कं होणं वेगळं

दुकानातल्या फळीवर सगळे डबे सारखेच दिसतात. पण डब्यातला रंग कडक कसा होतो हे कळलं की निम्मी निवड आपोआप होते.

लॅकरमधलं थिनर उडून जातं आणि मागे पापुद्रा राहतो, बस. त्यात कुठलीही रासायनिक क्रिया होत नाही. म्हणून असा रंग पंधरा-वीस मिनिटांत हाताला सुकतो, आणि म्हणूनच वर्षभरानेही थिनरचा बोळा लावला की पुन्हा विरघळतो. स्वस्त स्प्रे कॅनमधले बरेचसे ॲक्रिलिक रंग या जातीचे असतात. चेन धुताना एखादं तीव्र द्रावण सांडलं तरी त्यावर डाग पडतो. शोभेच्या सायकलीला चालेल, रोजच्या सायकलीला नुसतं लॅकर पुरत नाही.

एनॅमल, म्हणजे लोखंडी ग्रिल-दारांना मारतात तो तेलाचा रंग, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. वरून एका दिवसात सुकल्यासारखा वाटतो, पण आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे सहज जातात. एवढा वेळ देणाऱ्याला तो बऱ्यापैकी चिवट आवरण देतो, आणि ब्रशनेही मारता येतो. ब्रशच्या रेघा दिसतील म्हणून लोक त्याला नाकं मुरडतात. पण ज्याच्याकडे स्प्रे मारायला मोकळी जागा नाही, त्याने चांगला मऊ ब्रश घेऊन एनॅमलचे पातळ तीन हात मारले आणि महिनाभर फ्रेम टांगून ठेवली, तर घाईत मारलेल्या स्प्रेपेक्षा ते जास्त वर्षं टिकतं.

टू-के म्हणजे दोन घटकांचा रंग: एक रंग, दुसरा हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांची आपापसात गाठ बसू लागते आणि ती पुन्हा सुटत नाही. मोटारगाड्यांवर असतो तो पॉलियुरेथेन हाच. कडकपणा, लवचिकपणा, उन्हाला आणि द्रावणांना दाद न देणं, सगळ्यांचा मेळ घरच्या कामात यातच सर्वांत चांगला जमतो. याचे स्प्रे कॅनही मिळतात. कॅन उलटा करून तळाची कळ दाबली की आतली हार्डनरची कुपी फुटते, आणि तिथून पुढे साधारण एक-दोन दिवसांत तो कॅन संपवावा लागतो.

पण टू-केच्या बहुतेक हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि ते फार गांभीर्याने घ्या. धोक्याच्या पातळीला पोचलं तरी नाकाला त्याचा वास येईलच असं नाही. श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. धुळीचा साधा मास्क इथे काहीच कामाचा नाही. व्यावसायिक रंगारी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क वापरतात, आणि शिफारस त्याचीच आहे. तो नसेल तर घरात, गच्चीवर, पार्किंगमध्ये, कुठेही टू-के फवारू नका. हा टप्पा गाड्यांचं रंगकाम करणाऱ्याकडे सोपवता येतो. कसा, ते पुढे येईल.

पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतंच. विजेचा भार दिलेली कोरडी भुकटी फ्रेमवर फवारतात, ती धातूला चिकटते, मग १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा-वीस मिनिटांत वितळून एकसंध होते. आवरणाची जाडी साधारण ६० ते १०० मायक्रॉन भरते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. टवके उडण्याला ते फार चांगलं तोंड देतं आणि भट्टीतून बाहेर येऊन गार झालं की पक्कंच असतं, वाट पाहावी लागत नाही. उणीवही आहे. जाड असल्याने लगवर्कच्या (नळ्यांच्या सांध्यांवरच्या धातूच्या बाह्यांच्या) सुबक कडा बुजतात, आणि पुढे एखादा टवका उडून धातू उघडा पडला तर पाणी कडेने आवरणाखाली शिरतं. वर रंग ठीक दिसतो आणि खाली गंज पसरत असतो.

मग घ्यायचं कोणतं?

रोज वापराची, ऊनपावसात उभी राहणारी, स्टीलची सायकल असेल आणि जवळ चांगलं पावडर कोटिंग होत असेल, तर तेच करा. देताना चार गोष्टी विचारा. भुकटी पॉलिएस्टर जातीची आहे ना? इपॉक्सी भुकटी धातूला घट्ट धरते पण उन्हात तिचा खडूसारखा भुगा होऊ लागतो, आणि इपॉक्सी-पॉलिएस्टरचं मिश्रणही मुख्यतः घरातल्या वस्तूंसाठी असतं. स्टीलवर खाली प्रायमरचा थर देणार का? इपॉक्सीचा थर खाली आणि पॉलिएस्टर वर, ही जोडी गंजाविरुद्ध सर्वांत भरवशाची. आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकणार का? आणि याआधी सायकलच्या फ्रेम केल्या आहेत का? दारं-खिडक्या रंगवणाऱ्याला फ्रेमच्या पातळ नळ्यांचा अंदाज असेलच असं नाही. सँड ब्लास्टिंगचा (दाबाने वाळू मारून जुना रंग काढण्याचा) मारा जोरात झाला तर अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीची नळी खराब होते.

ॲल्युमिनियमची फ्रेम पावडरला द्यायची तर भट्टीचं तापमान आणि वेळ दोन्ही विचारा. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमला त्याची ताकद मुळात १६० ते १७५ अंशांवर कित्येक तास ठेवून आणलेली असते. त्याहून जास्त तापमानात थोडा वेळ गेला तर फारसं बिघडत नाही, कारखान्यातही अनेक ॲल्युमिनियम फ्रेमना पावडरच करतात. पण भट्टीत विसरलेली किंवा पुन्हा पुन्हा भाजलेली फ्रेम मऊ पडू शकते. फ्रेम बनवणाऱ्याने मनाई केली असेल तर ती पाळा.

स्वतःच्या हाताने करायचं असेल, आणि त्यात मोठा आनंद आहे, तर मी सुचवेन ती मांडणी अशी: उघड्या धातूवर इपॉक्सी प्रायमर, त्यावर आवडीचा बेस कोट (म्हणजे रंगाचा थर), आणि वर टू-के क्लिअर (पारदर्शक थर). इपॉक्सी प्रायमरमध्येही हार्डनर असतो, पण तो बहुधा अमाईन जातीचा असतो, आयसोसायनेटचा नव्हे. तरी डब्यावरची सूचना वाचाच, आणि सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क, हातमोजे, चष्मा सोडू नका. घासून तयार केलेली, प्रायमर आणि रंग मारलेली फ्रेम गाडी रंगवणाऱ्याकडे नेऊन शेवटचे क्लिअरचे दोन हात त्याच्याकडून मारून घ्या. त्याला ते दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. मात्र तुमचा प्रायमर आणि रंग कोणते, हे त्याला आधीच सांगा. मऊ लॅकरवर टू-के क्लिअर मारलं तर त्यातल्या थिनरने खालचा थर सुरकुततो. शक्य असेल तर बेस कोट त्याच्याच शिफारशीचा घ्या.

टू-के जमणारच नसेल तर इपॉक्सी प्रायमरवर एनॅमल आणि महिनाभराची वाट. हा पर्याय कमी मानू नका.

रंगछटेबद्दल दोनच शब्द. पिवळा आणि लाल रंग खालचं झाकण्यात कमजोर असतात, त्यांना खाली पांढरा प्रायमर लागतो. बाकी रंगांना प्रायमर शक्यतो वरच्या रंगाच्या जवळचा घ्या, म्हणजे उद्या टवका उडाला तरी लांबून डोळ्यात येत नाही. मॅट क्लिअर दिसतं देखणं, पण त्यावर मळ धरतो, आणि ओरखडा पडला की पॉलिश करून काढता येत नाही, कारण घासलं की तेवढीच जागा चमकते. रोजच्या सायकलीला चमकदारच बरा.

पायरी १: फ्रेम पूर्ण मोकळी करा

चाकं, क्रँक, बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस आणि त्याचं बेअरिंग), हेडसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) वाट्या, सीटचा दांडा, चिमटा, सगळं काढा. बॉटम ब्रॅकेट निघत नाही म्हणून तसंच ठेवून रंगवायचा मोह होतो. तसं केलं की नंतर तो काढताना कडेचा रंग टवक्यांसह उखडतो. काढण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो घ्या, विशेषतः केबल कुठून कशी जाते त्याचे. बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला फ्रेमचा नंबर लिहून ठेवा, जाड रंगाखाली तो वाचता येईनासा होतो.

आता तडे शोधा. हेड ट्यूबचा खालचा सांधा, बॉटम ब्रॅकेटभोवतालची वेल्डिंग आणि ड्रॉपआउट या तीन जागी रंगाला सरळ बारीक रेघ दिसली तर तिथला रंग काढून खालचा धातू तपासा. धातूला तडा असेल तर रंगाचं काम इथेच थांबवा.

पायरी २: जुना रंग काढायचा की ठेवायचा

जुना रंग घट्ट धरून असेल, पोपडे नसतील, तर तो सगळा काढायची गरज नाही. कारखान्यातला भट्टीत पक्का केलेला रंग हा उत्तम पाया असतो, तुम्ही-मी घरी तसा देऊ शकत नाही. सहसा न दिसणाऱ्या जागी थिनरचा बोळा अर्धा मिनिट धरून पाहा. बोळ्याला रंग लागला किंवा तो चिकट झाला तर तो विरघळणारा आहे, सगळा काढा. काही झालं नाही तर ३२० आणि मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या कागदाने; नंबर जितका मोठा तितका तो बारीक) चमक पूर्ण जाईपर्यंत घासा. एक चमकती टिकलीसुद्धा शिल्लक राहू देऊ नका. माझा तो पापुद्रा अशाच चमकत्या पृष्ठभागावरून सुटला होता. उडालेल्या जागांच्या कडा उतरत्या करा, बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये.

सगळा रंग काढायचा असेल तर स्टीलला रासायनिक द्रावण, ब्लास्टिंग किंवा हाताने घासणं, तिन्ही चालतं. द्रावण निवडताना त्यात डायक्लोरोमिथेन नाही ना, ते पाहा. बंद जागेत त्याच्या वाफांनी माणसं दगावली आहेत. युरोपीय संघाने घरगुती वापरासाठी ते बंद केलं, अमेरिकेत २०१९ साली तसल्या द्रावणांच्या किरकोळ विक्रीवर बंदी आली. द्रावण वापरल्यावर फ्रेम पाण्याने धुवा, नळ्यांच्या छिद्रांत काही साचलं नाही ना, ते उलटसुलट करून बघा. तिथे राहिलेलं द्रावण महिन्याभराने झिरपतं आणि नवा रंग फुगवतं.

फार जुन्या सायकलीच्या रंगात शिसं असू शकतं. अशी फ्रेम कोरडी घासू नका. पाणी लावून घासा, मुलांना लांब ठेवा, चिखल पुसून कागदात बांधून टाका.

गंजलेल्या जागी तांबूस ठिपका उरता कामा नये. खोल खाचांतला गंज फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाने निघतो. नंतर तीही जागा धुऊन लगेच गरम हवेने वाळवायची. क्रोम चढवलेल्या भागावर मात्र रंग धरत नाही. तो भाग चमकता ठेवून बाकीचं रंगवावं, दिसतंही छान.

उघड्या धातूला ८० ते १२० नंबरने ओरखडे द्या, मग १८० ते २४० ने ते बारीक करा. फार गुळगुळीत करू नका, प्रायमरला धरायला ते ओरखडेच लागतात.

पायरी ३: झाका, पुसा, आणि मग हात लावू नका

बॉटम ब्रॅकेटचे आटे, हेड ट्यूबची आतली बाजू, सीट ट्यूबचं तोंड, डिस्क ब्रेक बसण्याच्या सपाट जागा, डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, बाटलीच्या स्टँडचे आटे, हे सगळं झाका. छोट्या आट्यांत जुने स्क्रू फिरवून ठेवले की झालं. ड्रॉपआउटच्या ज्या पृष्ठभागावर नट आवळला जातो तिथे फक्त प्रायमरचा पातळ हात राहू द्या. जाड रंग तिथे दाबला जाऊन पिचतो, नट ढिला पडतो, आणि चाक सरकतं.

पुसण्याची पद्धत साधी आहे पण जवळजवळ सगळे चुकतात. एका फडक्यावर तेल काढणारं द्रावण घेऊन पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल फक्त पसरतं. सिलिकॉन असलेली कुठलीही फवारणी त्या दिवशी त्या खोलीत नको, तिचा एक थेंबही रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पाडतो. पुसून झाल्यावर फ्रेमला उघड्या बोटांनी शिवायचं नाही.

पायरी ४: प्रायमर

उघड्या धातूला दोन प्रकारचे प्रायमर चालतात. एच (इंग्रजीत etch) प्रायमरमध्ये आम्ल असतं, ते धातूला किंचित चावून धरतं. थर अगदी पातळ लागतो आणि त्यावर पुन्हा दुसरा प्रायमर द्यावा लागतो. इपॉक्सी प्रायमर एकटाच पुरतो: स्टीलला धरतो, ॲल्युमिनियमला धरतो, आणि पाणी अडवतो. म्हणून मी त्याच्याच बाजूचा आहे. एच प्रायमरच्या वर इपॉक्सी मारू नका. राहिलेलं आम्ल इपॉक्सीला नीट पक्कं होऊ देत नाही. आणि इपॉक्सी प्रायमर उन्हात तसाच सोडू नका, त्यावर रंग हवाच.

हवा कोरडी हवी. फ्रेम भोवतालच्या हवेपेक्षा गार असेल तर तिच्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावं, असा औद्योगिक रंगकामाचा नियम आहे. घरगुती भाषेत सांगायचं तर फ्रेम आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत ठेवा आणि पावसाळी कुंद दिवशी काम काढू नका. १० अंशांखाली दोन घटकांच्या रंगाची क्रिया जवळजवळ थांबते.

फ्रेमबरोबर एखादा जुना हँडलचा दांडा किंवा तुटक्या नळीचा तुकडाही तसाच घासून घ्या, आणि प्रत्येक थर त्यालाही द्या. पुढे त्याचं मोठं काम आहे.

पायरी ५: रंगाचे हात

हेड ट्यूबमधून काठी घालून फ्रेम अशी टांगा की चहूबाजूंनी फिरता येईल. आधी अडचणीच्या जागा: बॉटम ब्रॅकेटचा जोड, चेनस्टेच्या आतल्या बाजू, सांध्यांची बगल. मग लांब नळ्या. कॅन २० ते ३० सेंटिमीटरवर, फवारा नळीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. पहिला हात इतका विरळ की प्रायमर आरपार दिसावा. तो झाकायच्या नादातच ओघळ येतात. एकूण तीन-चार पातळ हात.

फ्रेम आणि चिमट्याचं मिळून क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरहून कमी भरतं, पण नळी अरुंद आणि गोल असल्याने फवाऱ्यातला मोठा हिस्सा बाजूने निघून जातो. म्हणून ४०० मिलिलिटरचा एक कॅन पुरेल असं समजू नका. रंगाचे दोन घ्या, आणि दोन्ही एकाच बॅचचे.

दोन हातांमधल्या वेळेबद्दल कॅनवर जे लिहिलंय ते अक्षरशः पाळा. पुष्कळ एनॅमलवर 'तासाभराच्या आत किंवा ४८ तासांनंतर' अशा अर्थाची सूचना असते. मधल्या काळात खालचा थर अर्धवट घट्ट झालेला असतो, नव्या हातातलं थिनर त्यात शिरतं आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो. सुरकुतलेला रंग दुरुस्त होत नाही, खरवडून काढावाच लागतो. ओघळाचं तसं नाही. ओघळ आला तर बोट न लावता पूर्ण सुकू द्या, मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने उतरवा.

पायरी ६: तुकड्यावर परीक्षा

क्लिअरनंतर आठवडाभराने बाजूला ठेवलेला तो तुकडा घ्या. धारदार पात्याने त्यावर दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा धातूपर्यंत कापा. तयार झालेल्या चौकटींवर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंगकामातली ही मान्य परीक्षा आहे, आयएसओ २४०९ मध्ये तिचं वर्णन आहे. चौकटी जागेवर राहिल्या तर पकड बसली. अख्ख्या चौकटी उडाल्या तर कुठला थर सुटला ते पाहा: धातू दिसला तर घासण्यात किंवा पुसण्यात चूक, प्रायमर दिसला तर रंग उशिरा किंवा न घासता मारला. फ्रेम जोडण्याआधी हे कळलेलं बरं.

पायरी ७: वाट पाहा, आणि मग जोडा

टू-के साधारण आठवड्यात पक्कं होतं, एनॅमलला महिना द्या. बॉटम ब्रॅकेटच्या खाली, जिथे कुणाला दिसत नाही, तिथे नख दाबून पाहा. खूण उमटली तर अजून थांबा. सगळ्यात जास्त फ्रेम इथेच बिघडतात. हाताला कोरडी लागते म्हणून जोडायला घेतात, आणि सीटचा क्लॅम्प मऊ रंगात रुतून बसतो.

स्टीलची फ्रेम असेल तर जोडण्याआधी नळ्यांच्या आत मेणयुक्त गंजरोधक फवारा आणि फ्रेम सगळ्या दिशांनी फिरवा. बाहेरून कितीही चांगला रंग असला तरी नळी आतूनही गंजते. आट्यांना ग्रीस लावा. वाट्या बसवताना कडेचा रंग आधी पात्याने कापून घ्या, म्हणजे टवका पुढे पळत नाही.

उजव्या चेनस्टेला जाड रबरी किंवा पारदर्शक संरक्षक पट्टी लावा, तशीच डाऊन ट्यूबच्या खाली आणि केबल टेकते तिथेही. या तीन पट्ट्या रंगाचं आयुष्य जेवढं वाढवतात तेवढं कुठलाही महाग डबा वाढवत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डॉट जातीचं द्रव असेल तर ब्लीडिंग (ब्रेकमधली हवा काढणं) करताना फ्रेम झाकून घ्या. ते सांडलं आणि राहिलं तर रंग सोलून काढतं. मिनरल ऑइलच्या ब्रेकला ही भीती नाही.

उरलेला एक-घटकी (हार्डनर न लागणारा) रंग काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, वर तारीख आणि छटेचा नंबर लिहून ठेवा. पहिला टवका दिसला की त्याच आठवड्यात तिथला गंज खरवडा, प्रायमरचा ठिपका द्या, आणि सुकल्यावर बारीक ब्रशने त्यावर रंग टेकवा.